बंद पंपहाऊसचे पैसे आम्ही का भरायचे? पाणी दरवाढीवर हरकत घेतली त्याचा अनुभव

पाण्याच्या बिलाला एक पिवळट कागद पिन करून आला होता, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात छापलेला, आणि पहिल्या दिवशी मी तो वाचलाच नाही. बिल बघितलं, रक्कम आठ घरांत भागली (आमच्या इमारतीत आठ घरं आणि मीटर एकच, हिशोब माझ्याकडे असतो) आणि कागद फाईलला लावून टाकला. तीन दिवसांनी वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. ते पूर्वी पाणीपुरवठ्यात फिटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. म्हणाले, "अगं तो मागचा कागद वाचलास का? दरवाढीचा प्रस्ताव आहे. हरकत घ्यायला एकवीस दिवस दिलेत, त्यातले तीन गेले."

तिथून पुढे साडेसात महिने मी या एका गोष्टीच्या मागे होते. नियामक आयोग (कंपनीने किती दर घ्यायचा ते ठरवणारी सरकारी यंत्रणा), सुनावणी, हरकत हे शब्द मी पेपरात वाचले होते पण आपण स्वतः त्यात उतरू शकतो हे माहीत नव्हतं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

पहिली चूक आधी सांगते. मी त्याच रात्री दोन पानी पत्र लिहिलं. दरवाढ अन्यायकारक आहे, सामान्य माणसाने जगायचं कसं, पाणी ही मूलभूत गरज आहे वगैरे. सगळं खरंच होतं. काकांनी वाचलं आणि परत दिलं. "दर जास्त आहे असं म्हणून कुणी ऐकत नाही गं, असली पत्रं त्यांच्याकडे शेकड्याने येतात. दर कशातून बनतो ते बघ आणि त्यातला कुठला खर्च खोटा आहे ते दाखव." मला ते तेव्हा लागलं होतं, पण पुढचं सगळं त्या एका वाक्यातून झालं.

आता मुळात एकच कंपनी का, हा प्रश्न मला आधी सोडवायचा होता. फोनची सेवा आवडली नाही तर आपण दुसऱ्याकडे जातो, मग पाण्याला दुसरी कंपनी का नाही? काकांनी त्यांच्या जुन्या पेटीतून पाइपाचे दोन तुकडे आणले, एक इंची आणि दोन इंची, आणि टेबलावर शेजारी शेजारी उभे केले. जाडी तीच धरली तर दोन इंचीला लोखंड साधारण दुप्पट लागतं. पण आतली जागा चौपट होते, आणि दाब तेवढाच असेल तर पाणी चौपट नाही, जवळजवळ सहापट जातं कारण मोठ्या पाइपात घर्षणाचा मार कमी बसतो. म्हणजे दोन कंपन्यांनी एकाच रस्त्यात दोन लहान पाइप टाकण्यापेक्षा एकीने एक मोठा टाकणं कितीतरी स्वस्त. शिवाय खणलेला रस्ता, व्हॉल्व, टाक्या हा खर्च एकदा जमिनीत गेला की गेला, पाणी कमी विकलं म्हणून तो कमी होत नाही. याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात हे मला नंतर कळलं, पण ते दोन तुकडे हातात धरून बघितल्यावर जे समजलं ते व्याख्येने समजलं नसतं.

हा विचार जुना आहे. लंडनमध्ये तेव्हा गॅस आणि पाण्याच्या बऱ्याच कंपन्या होत्या आणि इंग्रज अर्थतज्ज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४८ सालीच लिहिलं होतं की त्याऐवजी एकच कंपनी असती तर केवढी मेहनत वाचली असती. पण त्याच दमात ते हेही म्हणतात की असं काम मग सार्वजनिक काम समजलं पाहिजे, आणि सरकार स्वतः करत नसेल तर लोकांच्या सगळ्यात फायद्याच्या अटींवर ते एका कंपनीकडे सोपवावं. म्हणजे मक्तेदारी फुकट मिळत नाही, त्याच्या बदल्यात अटी असतात. अमेरिकेत तर शिकागोच्या वीज उद्योगातले सॅम्युअल इन्सल यांनी १८९८ मध्ये आपणहून म्हटलं की आम्हाला आमच्या भागात एकट्याला धंदा करू द्या आणि बदल्यात आमचे दर सरकारी यंत्रणेने ठरवावेत. १९०७ साली विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क या राज्यांनी असे आयोग आणले. हे वाचल्यावर मला जरा बळ आलं. कारण आमच्याकडे लोक अशा सुरात बोलतात की आयोगापुढे जाणं म्हणजे कंपनीला त्रास देणं. तो त्रास नाही, तो मूळ सौद्याचाच भाग आहे. तुम्हाला स्पर्धा नको, ठीक आहे, मग हिशोब उघडा ठेवा.

आणि हिशोब उघडा का लागतो तर पाणी महाग झालं म्हणून कुणी पाणी सोडत नाही. दर दहा टक्क्यांनी वाढला तर वापर दहा टक्क्यांनी घटत नाही, त्याच्या निम्म्यानेही बहुतेक घटत नाही. आंघोळ, भांडी, स्वयंपाक, आजारी माणूस, यात किती काटणार? म्हणजे दर वाढवला की कंपनीचं उत्पन्न वाढतंच, गिऱ्हाईक पळून जाईल ही भीती तिला नसते. बाजारात जे काम शेजारचा दुकानदार करतो ते इथे कुणीतरी कागदावर करावं लागतं.

मग प्रस्ताव मिळवला. नोटिशीत लिहिलं होतं की तो कंपनीच्या कार्यालयात बघायला मिळेल. मी गेले तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्या, "साहेब मीटिंगमध्ये आहेत", असं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी नोटिशीतल्या त्या ओळीखाली पेनने रेघ मारून कागद काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, मला इथेच बसून वाचू द्या. दिला. तीनशे चाळीस पानं. पहिली शंभर पानं कंपनीने किती चांगलं काम केलं याची, ती मी सोडली. पुढे तक्ते सुरू झाले आणि खरा माल तिथे होता.

दर कसा बनतो ते तिथे समजलं, आणि एकदा समजलं की फार अवघड नाहीये. रोजचा खर्च म्हणजे पगार, वीज, रसायनं, दुरुस्ती. त्यात घसारा, म्हणजे पाइप आणि यंत्रं दरवर्षी झिजतात त्याची रक्कम, मिळवायचा. मग कंपनीने जे भांडवल घातलंय, त्याला रेट बेस म्हणतात, त्यावर ठराविक टक्के परतावा मिळवायचा. या सगळ्याची बेरीज म्हणजे कंपनीला वर्षाला लागणारा महसूल, त्याला विकल्या जाणाऱ्या पाण्याने भागलं की सरासरी दर. आता रेट बेस १,००० धरा आणि परतावा १० टक्के. १०० कंपनीला मिळणारच. त्या १,००० मध्ये १५० ची एखादी निकामी वस्तू पडून असेल तर तिचेही १५ आपण दरवर्षी भरतो आणि घसारा वेगळा. मी आत्तापर्यंत बिलावरच्या दराकडे बघत होते, आणि बघायला हवं होतं रेट बेसकडे.

यावरही पूर्वी खूप भांडणं झालीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये स्मिथ विरुद्ध एम्स खटल्यात म्हटलं की कंपनीच्या मालमत्तेच्या रास्त किमतीवर परतावा द्या, आणि मग रास्त किंमत म्हणजे किती यावर कितीतरी वर्षं वकिलांचीच चंगळ झाली. १९४४ च्या होप नॅचरल गॅस खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की पद्धत कुठली वापरली यापेक्षा शेवटी निघालेला दर न्याय्य आणि वाजवी आहे का ते बघा, गुंतवणूकदार आणि ग्राहक दोघांचं हित तोला. आणि १९६२ मध्ये एव्हर्च आणि जॉन्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की परतावा भांडवलावर मिळतो आणि तो भांडवलाच्या खर्चापेक्षा जास्त असेल तर कंपनीला भांडवल फुगवण्यातच रस राहतो. दुरुस्ती करून काम भागत असेल तरी नवीन घ्यायचं, आणि जुनं यादीतून काढायचं नाही. मला हे वाचून राग आला नाही, उलट बरं वाटलं, कारण कुणी वाईट माणूस नसतानाही हे असं होऊ शकतं हे कळलं आणि कुठे शोधायचं तेही कळलं.

शोधलं. परिशिष्टात मालमत्तेची यादी होती, बारीक टाइपात अठ्ठावीस पानं. मी पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत होते आणि काकांना वाचून दाखवत होते. एका ओळीला काका म्हणाले, "थांब. परत वाच." पंपिंग स्टेशन, दोन संच, स्थिती चालू. काका म्हणाले, "हे मी नोकरीत असतानाच बंद करायचं चाललं होतं. वरच्या टाकीतून उतारावर पाणी यायला लागलं ना, मग याची गरजच संपली."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. गेटला कुलूप, कुलपावर गंजाचा असा थर की किल्ली आत जाणार नाही. बाहेरच्या पॅनेलवर वेल चढलेला. काका खिडकीच्या जाळीला चेहरा लावून आत बघत होते, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग बाजूला झाले आणि मला म्हणाले बघ. आत दोन सिमेंटचे चौथरे होते. प्रत्येक चौथऱ्यातून चार चार बोल्ट वर आलेले, नट नाहीत, आणि त्यावर काहीच नाही. पंप नव्हतेच. भिंतीवरचा प्रेशर गेज तेवढा होता, काच फुटलेली, काटा शून्यावर. काकांनी त्याच चौथऱ्यांवर कधीकाळी पंप बसवताना लेव्हल लावली होती. मी फोटो काढले, तारीख वेळ येईल असे, बोल्टचा एक जवळून, गेजचा एक, कुलपाचा एक.

मला वाटलं झालं काम. काका म्हणाले नाही, फोटोला ते म्हणतील दुरुस्तीला काढलेत पंप. "पंप चालला असेल तर वीज खाल्ली असेल. विजेचं बिल माग." हे मला कधीच सुचलं नसतं. मी आयोगाच्या कार्यालयाला पत्र दिलं की हरकत मांडण्यासाठी मला या स्टेशनचा मागच्या तीन वर्षांचा वीजवापर हवा आहे, कंपनीने तो द्यावा. दिवस सरत होते. हरकतीची मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा एका पानाचं उत्तर आलं. या ठिकाणची वीजजोडणी चार वर्षांपूर्वी खंडित करण्यात आली असून सदर केंद्र राखीव स्वरूपात ठेवण्यात आले आहे. मी ते पान तीनदा वाचलं. वीज तोडलेलं, पंप काढलेलं स्टेशन, आणि त्यावर परतावा, घसारा आणि "देखभाल" अशी वेगळी ओळ.

दुसरा मुद्दा आमच्या स्वतःच्या इमारतीचा होता आणि माझ्या मते तो पंपहाऊसपेक्षाही मोठा आहे. स्लॅबचा. कमी वापराला कमी दर, जास्त वापराला चढता दर, हे ऐकायला अगदी न्याय्य वाटतं, गरिबाला स्वस्त, उधळणाऱ्याला महाग. पण स्लॅब मोजतात कनेक्शनवर, माणसांवर नाही. साधा हिशोब करून दाखवते. समजा पहिल्या २० युनिटला दर १, पुढच्या २० ला २, आणि ४० च्या वर ४. एक कुटुंब महिन्याला १५ युनिट वापरतं, स्वतंत्र मीटर असेल तर त्याचे १५ होतात. अशी आठ कुटुंबं स्वतंत्र मीटरवर असतील तर सगळ्यांचे मिळून १२०. तीच आठ कुटुंबं एका मीटरवर आली की १२० युनिट एकाच कनेक्शनचे दिसतात. पहिल्या २० चे २०, पुढच्या २० चे ४०, उरलेल्या ८० चे ३२०. एकूण ३८०. पाणी तेवढंच, थेंबही जास्त नाही, आणि बिल तिपटीहून वर. आणि एका मीटरवर अनेक घरं कुठे असतात? जिथे स्वतंत्र कनेक्शन परवडत नाही तिथे. म्हणजे ज्यांच्यासाठी स्वस्त स्लॅब ठेवला तेच वरच्या स्लॅबमध्ये. जगात अनेक शहरांच्या अभ्यासात हे पुन्हा पुन्हा दिसलंय, तरी ही पद्धत चालूच आहे कारण वरवर बघता ती गरिबांच्या बाजूची वाटते. मी इतकी वर्षं आमच्या इमारतीचं बिल भागत होते, कुणी जास्त पाणी वापरतं का यावरून घराघरांत बोलणीही झाली होती, आणि दोष कुणाच्याच नळात नव्हता.

स्थिर आकार, म्हणजे पाणी कितीही वापरलं तरी जोडणीमागे भरायची ठराविक रक्कम, वाढवायचाही प्रस्ताव होता. त्याबद्दल माझं मत थोडं वेगळं पडलं. अर्थशास्त्रात हे जुनं कोडं आहे. जास्तीच्या एका युनिटचा खर्च कमी असतो पण पाइपांचा मोठा खर्च कुठूनतरी यायलाच हवा, मग १९४६ मध्ये रोनाल्ड कोस यांनी मांडलं की दोन भागांचा दर ठेवा, एक जोडणीचा ठराविक आणि एक वापराचा. त्यामुळे स्थिर आकार हा लुटीचाच प्रकार असं मी म्हणणार नाही. पण तो कमी वापरणाऱ्याला जड जातो, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात जड. मी हरकतीत एवढंच लिहिलं की सगळ्यात लहान जोडणीला तो वाढवू नका.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली, यावर इमारतीतल्या दोघातिघांशी माझा वादही झाला. प्रस्तावात जुनी मुख्य जलवाहिनी बदलायचा खर्च होता, मोठा होता, आणि मी त्याला पाठिंबा दिला. काकांनी त्या वाहिनीचे सांधे स्वतः बदललेत, ती गेलीये हे त्यांना माहीत आहे. जमिनीत गळणारं पाणी, बंद पडलेल्या मीटरमधून मोजलं न जाणारं पाणी, बिलच न होणारं पाणी, या सगळ्याचा बोजा बिल भरणाऱ्यावर येतो. दर फार कमी ठेवले की पाइप सडतात, नवीन वस्तीला जोडणी मिळत नाही, आणि ज्यांना जोडणी नाही ते लोक टँकरचं पाणी घेतात, ते नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट महाग पडतं. दर कमीत कमी असावा असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. जे वापरात आहे त्याचेच पैसे घ्या, एवढंच.

हरकत लिहायला चार रात्री गेल्या. दोन पानांची भावना काढून चार मुद्दे ठेवले, प्रत्येक मुद्द्यापुढे प्रस्तावातला पान क्रमांक आणि शेवटी मागणी काय ते एका वाक्यात. फोटो आणि वीजजोडणीचं उत्तर जोडलं. चौथा मुद्दा तुलनेचा होता. ब्रिटनमध्ये स्टीफन लिटलचाइल्ड या अर्थतज्ज्ञांनी १९८३ मध्ये टेलिफोनसाठी सुचवलं होतं की खर्च मोजत बसण्यापेक्षा दरावरच मर्यादा घाला, महागाई वजा काही टक्के, म्हणजे कंपनीने काटकसर केली तर तिचा फायदा. पुढे १९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधली पाणी व्यवस्था खाजगी झाली, त्यानंतर दर पाच वर्षांनी आढावा घेऊन मर्यादा ठरवायची पद्धत आली. त्याचा तोटाही आहे, काटकसर कधीकधी दुरुस्तीतच होते. पण त्यातली एक कल्पना मला फार पटली, अर्थतज्ज्ञ आंद्रेई श्लायफर यांनी १९८५ मध्ये ती नीट मांडली. कंपनीला तिच्या स्वतःच्या खर्चावरून मोजू नका, तशाच दुसऱ्या कंपन्यांच्या खर्चावरून मोजा. स्पर्धा पाइपात शक्य नसेल तर तक्त्यात आणा. मी आयोगाला लिहिलं की दर किलोमीटर वाहिनीमागे देखभालीचा खर्च शेजारच्या पुरवठादारांशी ताडून बघा.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात साठेक लोक होते. नाव पुकारलं की पाच मिनिटं. माझ्या आधीच्या बहुतेकांनी गढूळ पाणी, कमी दाब, चुकीचं रीडिंग याबद्दल सांगितलं, कुणी बाटलीत पाणी भरून आणलं होतं आणि ती अध्यक्षांच्या टेबलावर नेऊन ठेवली. लोक चिडले होते आणि त्यांचं चिडणं खरं होतं, एक बाई तर बोलता बोलता रडायला लागल्या, त्यांच्या घरी डायलिसिसचा पेशंट होता. पण तिथे बसून मला हेही दिसत होतं की कंपनीचे वकील अशा प्रत्येक तक्रारीला "नोंद घेतली" म्हणतात आणि त्यांच्या तक्त्यातला एकही आकडा हलत नाही. कुणाचं खोटं नव्हतं, पण दर ज्या जागी बनतो तिथे ते पोचत नव्हतं. बोलिव्हियात कोचाबांबा शहरात १९९९ मध्ये पाणीपुरवठा एका खाजगी समूहाला दिला, दर एकदम चढवले, आणि २००० च्या सुरुवातीला लोक रस्त्यावर आले. एप्रिलमध्ये करार रद्द करावा लागला, पण तोपर्यंत एका माणसाचा जीव गेला होता. आमच्या समोर निदान एक टेबल होतं आणि पलीकडे ऐकायला बसलेली माणसं. मला त्याची किंमत त्या दिवशी कळली.

माझं नाव आलं. हात थरथरत होते म्हणून कागद टेबलावर ठेवूनच वाचला. पान नंबर सांगितला, ओळ वाचली, फोटो दिले, कंपनीचं स्वतःचं पत्र दिलं. वकील उठले, म्हणाले ते केंद्र राखीव आहे, आपत्कालीन स्थितीत लागतं. अध्यक्षांनी फोटो उचलून नीट बघितला, बोल्टचाच, आणि कंपनीच्या अभियंत्यांना सरळ विचारलं, "राखीव आहे म्हणता, मग चालवून शेवटचं कधी पाहिलं? लॉगबुक आहे?" अभियंता उभे राहिले, वकिलांकडे बघितलं, म्हणाले लेखी सादर करतो. अध्यक्ष म्हणाले सात दिवसांत. बस एवढंच झालं. मी बसले. मागे काका बसले होते, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काही बोलले नाहीत.

स्लॅबच्या मुद्द्यावर मात्र वेळ संपली. आकड्यांचा कागद तेवढा दिला.

आदेश यायला तीन महिने लागले. मधे काही कळत नाही, फोन केला तर "प्रक्रिया चालू आहे". आला तेव्हा मी आधी पंपहाऊस शोधलं. रेट बेसमधून वगळलं होतं, घसारा आणि देखभालीची ओळही गेली होती, आणि आधीच्या वर्षांत त्यावर घेतलेली रक्कम पुढच्या आढाव्यात वळती करायची असं लिहिलं होतं. जलवाहिनीचा खर्च मान्य, पण काम सुरू झाल्याशिवाय त्यावर परतावा नाही. लहान जोडणीचा स्थिर आकार तसाच ठेवला. दरवाढ झाली, पण मागितली होती त्याच्या निम्म्याच्या जरा वर. ती सगळी माझ्या हरकतीमुळे कमी झाली असं मुळीच नाही, एका पंपहाऊसने एवढा फरक पडत नाही. आयोगाच्या लोकांनी स्वतः बरंच कापलं होतं आणि ते वाचताना मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, अठ्ठावीस पानांची यादी त्यांनीही पट्टी ठेवून वाचली असणार. तुलनेची मागणी पुढच्या आढाव्यावर टाकली.

सामायिक मीटरबद्दल जे मागितलं होतं ते नाही मिळालं. स्लॅब कुटुंबामागे मोजा ही मागणी "पुरेशी माहिती उपलब्ध नसल्याने" फेटाळली. पण पुढे एक ओळ होती की कंपनीने सहा महिन्यांत एका कनेक्शनवर किती कुटुंबं आहेत याचा सर्व्हे करून अहवाल द्यावा. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं, कारण पंपहाऊसचे पैसे सगळ्यांत वाटले जातात, पण हा भार फक्त ज्यांच्याकडे कमी आहे त्यांच्यावर पडतो. काका म्हणाले, माहिती नाही म्हणाले ना, मग माहिती द्यायची.

तेव्हापासून मी आणि खालच्या मजल्यावरची ताई रविवारी आजूबाजूच्या इमारतींत जातोय. मीटर नंबर, कुटुंबं किती, माणसं किती, मागच्या सहा बिलांचे फोटो. एका ठिकाणी एका मीटरवर चौदा घरं निघाली. तिथल्या बाईंना मी तो ३८० चा हिशोब त्यांच्याच बिलाच्या मागे करून दाखवला, त्या बराच वेळ कागद धरून उभ्या होत्या, मग आत जाऊन जुनी सगळी बिलं घेऊन आल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपलेली, वर्षवार.

परवा कंपनीचा सर्व्हेवाला आमच्याकडे आला. त्याच्या फॉर्ममध्ये "कनेक्शनवरील कुटुंबे" असा रकाना होता, इतक्या वर्षांत कुठल्याच फॉर्मवर मी तो बघितला नव्हता. तो घाईत होता, रकाना रिकामा ठेवून पुढे चालला होता. मी त्याला थांबवलं, आठ लिहून घेतलं, आठही घरांच्या सह्या घेतल्या आणि आमच्या प्रतीवर त्याची सही तारखेसकट घेतली. ती प्रत फाईलला लावलीये, त्या पिवळट कागदाच्या वर.